कोंतुर्सीचं घराणं आणि कंपवाताचं जनुक

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांवरून कंपवाताचं वर्णन केलं. मध्यमेंदूच्या काळसर पट्ट्यातल्या, हालचालींसाठी लागणारं डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरतात, हे विसाव्या शतकात कळलं. त्या का मरतात, हे मात्र कोडंच राहिलं. १९८२मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचा अमली पदार्थ टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक हीच लक्षणं दिसली, आणि संशय बाहेरच्या विषांवर गेला. हा आजार आनुवंशिक नाही, असंच बहुतेक तज्ज्ञ धरून चालले होते.

दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या एका घराण्यानं ही समजूत मोडली. त्यातली काही माणसं अमेरिकेत स्थायिक झाली होती. न्यू जर्सीचे डॉक्टर लॉरेन्स गोल्ब यांनी आपल्या रुग्णांची मुळं शोधत वंशावळ जुळवली, तेव्हा पिढ्यानपिढ्या उतरत आलेला कंपवात दिसला. मला या साऱ्या इतिहासात हे चिकाटीचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. त्याच घराण्याच्या रक्तनमुन्यांवरून १९९७मध्ये दोष सापडला. अल्फा-सिन्युक्लीन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनात ५३व्या जागी अ‍ॅलनिनऐवजी थ्रिओनिन आलं होतं. बदल एवढाच! (उंदरांमध्ये त्या जागी मुळातच थ्रिओनिन असतं, त्यामुळे संशोधकही चक्रावले.)

त्याच वर्षी आणखी एक धागा जुळला. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२मध्ये रुग्णांच्या मेंदूपेशींत पाहिलेले गोळे प्रामुख्यानं याच प्रथिनाचे असल्याचं दिसून आलं. म्हणजे घराण्यात आजार नसलेल्या रुग्णांतही प्रथिन तेच. २००३मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या एका कुटुंबात हे जनुक तिप्पट झालेलं आढळलं. प्रथिन अगदी निर्दोष, फक्त प्रमाणाबाहेर. तरीही पेशी मरत होत्या.

दरम्यान, बिघडल्यास कंपवात होतो अशी आणखी दोन जनुकं हाती लागली: जपानी संशोधकांनी १९९८मध्ये पार्किन जनुक शोधलं आणि २००४मध्ये पिंक-१ सापडलं. पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडली की पिंक-१ तिच्यावर खूण करतं आणि पार्किन तिला मोडीत काढायला लावतं. ही जोडी नसली की नादुरुस्त मायटोकॉन्ड्रिया साठत जातात. डोपामीनच्या पेशींना याची झळ जास्त बसते, कारण त्यांच्या शाखा अफाट पसरलेल्या असतात आणि त्या सतत विद्युतसंदेश सोडत असतात. ऊर्जेची गरज कधी थांबतच नाही.

पुढे जीबीए या जनुकातले दोषही यात सामील असल्याचं कळलं. पेशीतला कचरा जिरवणाऱ्या लायसोसोम या पिशवीतलं विकर (एन्झाइम) या जनुकावरून तयार होतं. ते कमी पडलं की धोका वाढतो, पण असा दोष असलेल्या बहुतेकांना कंपवात कधीच होत नाही.