टेक्स-मेक्स खानावळी

टेक्स-मेक्स खानावळी : अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या घरगुती स्वयंपाकातून घडलेले जेवण वाढणाऱ्या, बहुतेक एकाच कुटुंबाने दोन-तीन पिढ्या चालवलेल्या खानावळी. सॅन अँटोनियो, ऑस्टिन, डॅलस, फोर्टवर्थ, ह्यूस्टन आणि रिओ ग्रांदे नदीकाठची गावे हा त्यांचा मुख्य पट्टा. गल्लोगल्ली असलेल्या या खानावळींत लोक वाढदिवसाला जातात, रविवारी चर्चमधून परतताना जातात आणि घरी स्वयंपाकाचा कंटाळा आला तरी जातात. टेक्ससमध्ये लहानाचा मोठा झालेला माणूस ‘आमची’ म्हणून एखाद्याच खानावळीचे नाव घेतो आणि त्या निष्ठेत सहसा बदल होत नाही.

या जेवणाला बिघडलेले मेक्सिकन जेवण समजण्याची चूक फार लोक करतात. टेक्सस १८३६ साली मेक्सिकोपासून वेगळा झाला आणि १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. तेव्हा तिथे राहणारी स्पॅनिश बोलणारी माणसे, म्हणजे ‘तेहानो’, कुठूनही स्थलांतर करून आलेली नव्हती. सीमाच सरकली आणि ती अमेरिकेत आली. पुढे १९१० च्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत आणखी हजारो कुटुंबे नदी ओलांडून आली. या सगळ्यांनी हाताशी असेल त्यात स्वयंपाक केला. गाईगुरांचा प्रदेश म्हणून गोमांस, गव्हाचे पीठ सहज मिळे म्हणून मैद्याचा टॉर्टिया (पातळ पोळी), दुकानात पिवळे चेडर चीज होते म्हणून तेच चीज. हे एका प्रदेशाचे स्वतःचे जेवण आहे आणि ते तसेच मोजले पाहिजे.

नाव रेल्वेवरून आले. कॉर्पस क्रिस्टी ते लारेडो धावणाऱ्या टेक्सस मेक्सिकन रेल्वेचे नाव वेळापत्रकात ‘टेक्स-मेक्स’ असे छापले जाई. पुढे ते लोकांना, भाषेला, संगीताला चिकटले आणि जेवणासाठी सर्रास वापरले जाऊ लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी खानावळींच्या पाट्यांवर फक्त ‘मेक्सिकन’ असे लिहिलेले असे.

ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जिरे. मेक्सिकोच्या बहुतेक प्रांतांत जिरे अगदी बेताने वापरतात. टेक्सस मात्र सढळ हाताने घालते. सॅन अँटोनियोत १७३१ साली कॅनरी बेटांवरून सोळा कुटुंबे वसवली गेली, त्यांनी ही सवय आणली असे पुष्कळजण मानतात. मूळ काहीही असो, अशा खानावळीचे दार उघडताच भाजलेल्या मक्याबरोबर जिऱ्याचाच वास आधी येतो आणि मराठी माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. दुसरी खूण वितळलेले पिवळे चीज. तिसरी चिली ग्रेव्ही : चरबीत मैदा परतून त्यात सुक्या लाल मिरचीची पूड, जिरे, लसूण आणि मांसाचे पाणी घालून केलेला दाट तपकिरी रस्सा. मेक्सिकोत मिरच्या भिजवून वाटतात. इथे पिठाने दाटपणा आणतात. ही अमेरिकन ग्रेव्हीची रीत आहे आणि दोन स्वयंपाकघरांचा सांधा नेमका या रश्शात दिसतो.

चौकातून खानावळीत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनियोच्या मिलिटरी प्लाझा या चौकात संध्याकाळी ‘चिली क्वीन्स’ येत. या तेहानो बायका घरी शिजवलेल्या चिलीची, म्हणजे मिरची घातलेल्या मांसाच्या रश्शाची, भांडी गाडीवरून आणून निखाऱ्यावर गरम ठेवत, लांब टेबले मांडत आणि रंगीत कंदील लावत. तिथे सैनिक, गुराखी, व्यापारी, बाहेरगावचे पाहुणे एका बाकावर बसत. १८९० च्या सुमारास त्या चौकात नगरपालिकेची इमारत उभी राहिली आणि टेबले इतर चौकांत हलली. १९३० च्या दशकात आरोग्य खात्याचे नियम कडक होत गेले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत उघड्यावरची ही जेवणे पार थांबली. बायकांच्या हातचा एक मोठा धंदा असा संपला. आज टेक्सस ज्या पदार्थाचा अभिमान बाळगते, त्याचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळू लागले.

दरम्यान पदार्थ लांब पोहोचला होता. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोचा चिलीचा ठेला होता. जवळच्या न्यू ब्राउनफेल्स गावी विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने सुक्या आन्चो मिरच्या दळून, मसाले मिसळून डबाबंद पूड विकायला सुरुवात केली. १८९६ मध्ये त्याच्या ‘ईगल’ छापाची नोंदणी झाली. मिरची वर्षभर मिळू लागली आणि चिली ग्रेव्ही कोणत्याही स्वयंपाकघरात करता येऊ लागली. १९७७ साली चिली हा टेक्ससचा अधिकृत राज्यपदार्थ ठरला.

खानावळीचा साचा घडला तो १९०० साली सॅन अँटोनियोतच ओटिस फार्न्सवर्थ याने उघडलेल्या ‘ओरिजिनल मेक्सिकन रेस्टॉरंट’मध्ये. मालक गोरा, स्वयंपाक करणारे मेक्सिकन आणि गिऱ्हाईक बहुतांशी गोरे, सुखवस्तू. भात, दाटलेला राजमा आणि एन्चिलाडा (सारण भरून गुंडाळलेला, रस्सा घातलेला टॉर्टिया) एकाच ताटात वाढण्याची पद्धत इथे रुजली असे मानतात. पुढे मेक्सिकन कुटुंबांनी स्वतःच्या खानावळी काढल्या तेव्हा हेच ताट त्यांनी घेतले, त्याला नंबर दिले आणि ‘नंबर एक’, ‘नंबर दोन’ अशी मागणी होऊ लागली.

ताट

चीज एन्चिलाडा हे या ताटाचे दैवत. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा टॉर्टिया गरम तेलात क्षणभर बुडवून मऊ करायचा, त्यात किसलेले चीज भरून गुंडाळायचा, वर चिली ग्रेव्ही, पुन्हा चीज, बारीक चिरलेला कच्चा कांदा. मग अख्खी ताटली भट्टीत सरकवतात. म्हणूनच वाढपी ती फडक्याने धरून आणतो आणि ‘ताट गरम आहे’ असे न चुकता बजावतो. ही सूचना खरीच पाळावी. कडेला लाल भात : तांदूळ तेलात परतून टोमॅटो, लसूण, जिरे घालून मोकळा शिजवलेला. दुसऱ्या कडेला ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’. हा पिंटो जातीचा ठिपकेदार राजमा शिजवून, चरबीत परतून घोटतात. ‘रेफ्रितोस’चा अर्थ पुष्कळजण ‘दोनदा तळलेले’ असा करतात. मेक्सिकन स्पॅनिशमध्ये तो ‘चांगले परतलेले’ असा आहे. चीज, ग्रेव्ही आणि राजम्याची कड जिथे एकमेकांत मिसळते तो घास सर्वांत चांगला, आणि म्हणून हे तिन्ही वेगवेगळ्या वाट्यांत मागवू नयेत.

बसल्या बसल्या, काही न मागवता, टोपलीभर गरम टॉर्टिया चिप्स आणि वाटीभर साल्सा, म्हणजे मिरची-टोमॅटोची चटणी, समोर येतो. बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे लागत नाहीत आणि वाटी रिकामी झाली की भरली जाते. चिप्स-साल्साला २००३ मध्ये राज्याच्या अधिकृत खाऊचा मान मिळाला. जाणकार खानावळीची परीक्षा इथेच करतात : चिप्स त्या दिवशी तळलेले आहेत का, साल्सा ताजा वाटलेला आहे का. पाठोपाठ ‘केसो’ मागवतात. हे मिरची-टोमॅटो घातलेले वितळलेले चीज. त्यासाठी प्रक्रिया केलेले चीज वापरतात, कारण त्यातल्या क्षारांमुळे ते तेल न सोडता गुळगुळीत वितळते. साधे चेडर फाटते. डब्यातल्या मिरची-टोमॅटोचा ‘रो-टेल’ हा छाप १९४० च्या दशकात याच राज्याच्या दक्षिण टोकाला, एल्सा गावी सुरू झाला. जेवण संपवून बिल द्यायला गेले की गल्ल्याजवळ पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) घातलेली साखरेची वडी, प्रालीन, मांडलेली असते. मुलांसाठी एक घ्यायची रीत अजून टिकून आहे.

आठवड्यालाही क्रम असतो. सकाळी मैद्याच्या टॉर्टियात अंडे-बटाटा किंवा अंडे-चोरिझो (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज). याच न्याहारीच्या टाकोवरून ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो यांच्यात मोठा वाद आहे. शनिवार-रविवारी मेनुदो, म्हणजे जनावराच्या आतड्या-कोथळ्याचा लाल रस्सा. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून चीज एन्चिलाडा. नाताळात डझनाच्या हिशेबाने तमाले, म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेले गोळे.

घराणी

डॅलसचे ‘एल फेनिक्स’ मिगेल मार्टिनेझ यांनी १९१८ मध्ये काढले. तिथला बुधवारचा स्वस्त एन्चिलाडा अनेक घरांचा नेम होऊन बसला. फोर्टवर्थचे ‘जो टी. गार्सियाज’ १९३५ साली सोळा माणसांच्या जागेत सुरू झाले आणि आता बागा-कारंज्यांसह अख्खी आळी व्यापून आहे. सॅन अँटोनियोच्या मंडईत पेद्रो आणि क्रूझ कोर्तेझ या दांपत्याने १९४१ मध्ये, पहाटे माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्या-हमालांसाठी तीन टेबलांचे ‘मि तिएर्रा’ उघडले. आज तिथे पावाची बेकरी, फिरते मारियाची वादक आणि बारमाही रोषणाई आहे.

यांत निन्फा लॉरेंझो यांची गोष्ट विशेष सांगण्यासारखी. ह्यूस्टनमध्ये पतीबरोबर त्या टॉर्टियाचा कारखाना चालवत. पती वारले, धंदा खालावला, पाच मुले पदरी. १९७३ मध्ये कारखान्याच्या पुढच्या भागात त्यांनी दहा टेबले मांडली आणि निखाऱ्यावर भाजलेले मांस मैद्याच्या टॉर्टियात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. शहर तिकडे लोटले. त्यांना सगळे ‘मामा निन्फा’ म्हणत.

त्यांच्या टाकोतले मांस म्हणजे फहीता. ‘फाहा’ म्हणजे पट्टा. गाईच्या पोटाच्या पडद्यावरचा हा चिवट पट्टा रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून मिळे, कारण मालकांना तो नको असे. त्यांनी तो कडक आचेवर भाजून, आडवा कापून मऊ केला. १९६९ मध्ये सनी फाल्कन या खाटकाने काइल गावच्या उत्सवात ठेला लावून फहीता विकला. १९८० च्या दशकात तो ऑस्टिनच्या एका मोठ्या हॉटेलात चुरचुरत्या लोखंडी तव्यावर आला आणि मग जगभर गेला. नाचोचा जन्म मात्र नदीपलीकडे, मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास गावात : १९४० च्या दशकात इग्नासिओ ऊर्फ ‘नाचो’ अनाया यांनी अमेरिकेतून आलेल्या बायकांसाठी चिप्स, चीज आणि हालापेन्यो मिरची घालून ते तयार केले. डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांनी १९७१ मध्ये आइस्क्रीमच्या यंत्रातून गोठवलेली मार्गरिटा (टकीला आणि लिंबाचे मद्यपेय) काढली. ते यंत्र आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

गावागणिक चव बदलते. सॅन अँटोनियोत ‘पफी टाको’ मिळतो. मक्याच्या पिठाची न भाजलेली पोळी तेलात सोडली की पुरीसारखी फुगते आणि दुमडून तिच्यात सारण भरतात. तो गरमच खावा, दहा मिनिटांत मऊ पडतो. एल पासोत एन्चिलाडा न गुंडाळता थरावर थर रचून, वर अंडे घालून देतात. ती चव शेजारच्या न्यू मेक्सिकोकडे झुकते.

अस्सलपणाचा वाद

मेक्सिकन पाककलेच्या अभ्यासक डायना केनेडी यांनी १९७२ मध्ये मेक्सिकोच्या प्रांतोप्रांतीचे जेवण इंग्रजी वाचकांपुढे मांडले आणि सीमेच्या उत्तरेकडच्या एकत्र ताटांवर कठोर टीका केली. मेक्सिकोच्या स्वयंपाकाची थोरवी त्यांनी दाखवली, हे काम मोलाचे. पण त्यानंतर ‘टेक्स-मेक्स’ हा शब्द हिणकस ठरला आणि कित्येक जुन्या खानावळी पाटीवर तो लिहायला कचरू लागल्या. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. तेहानो बायकांच्या रश्शाला असे काही मिळालेले नाही. अलीकडे तेहानो लेखक आणि स्वयंपाकी हा शब्द पुन्हा मानाने वापरू लागले आहेत, हे योग्यच झाले.

भारतात ज्या साखळी दुकानांमुळे टाको-नाचो माहीत झाले, त्यांतल्या टाको बेलचे मूळ टेक्सस नसून कॅलिफोर्निया आहे (१९६२). तिथला कडक, तयार कवचाचा टाको खाऊन टेक्स-मेक्सबद्दल मत बनवणे अन्यायाचे होईल.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये मोठ्या संख्येने राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही खानावळ जवळची वाटते : पोळी, राजमा, भात, मिरची, कोथिंबीर, लिंबू, सगळे ओळखीचे. शाकाहारी माणसाने मात्र तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. राजमा अनेकदा डुकराच्या चरबीत परततात, लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि चीज एन्चिलाडावरच्या ग्रेव्हीत गोमांस असू शकते. बऱ्याच ठिकाणी चरबी न घातलेला अख्खा राजमा वेगळा मिळतो आणि एन्चिलाडावर चिली ग्रेव्हीऐवजी हिरव्या टोमॅटिलोचा (टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या आंबट फळाचा) किंवा साधा टोमॅटोचा रस्सा मागता येतो, फक्त त्यातही कोंबडीचे पाणी नाही ना, हे विचारावे. मैद्याच्या टॉर्टियातही चरबी असू शकते. मक्याच्या टॉर्टियात पीठ, पाणी आणि चुना यांपलीकडे सहसा काही नसते.