एचईआर : इंग्लंड-वेल्समधल्या पुरातत्त्वाच्या स्थानिक नोंदी आणि त्यांचे ऑनलाइन नकाशे

एचईआर म्हणजे हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्ड. एखाद्या काउंटीत किंवा शहरात जमिनीवर आणि जमिनीखाली जुनं काय काय आहे, नेमकं कुठे आहे, कुणी कधी खणलं आणि काय सापडलं याची कायम चालू असलेली नोंदवही. इंग्लंडमध्ये अशा ८० हून जास्त नोंदवह्या आहेत, बहुतेक स्थानिक कौन्सिलकडे असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा आता कुणालाही घरबसल्या बघता येतात. यात नुसते किल्ले आणि चर्च नसतात. आपल्याकडे गावाशेजारी पांढरीचं टेकाड असतं ना, वरून बघून काहीच कळत नाही पण नांगर लागला की खापरं वर येतात, तसल्या जागाही यात येतात आणि एचईआरची खरी किंमत त्यांच्यामुळेच आहे, कारण मोठ्या स्मारकांची सरकारी यादी असतेच, या जागांना दुसरं कुणीच विचारत नाही.

सुरुवात अर्थातच कागदावर झाली. १९२० मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना पहिले पुरातत्त्व अधिकारी म्हणून नेमलं, मग जागा नकाशावर टिपायच्या आणि माहिती कार्डावर लिहायची हे काम शिस्तीत सुरू झालं. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डशरमध्ये स्थानिक पातळीवर अशीच नोंद ठेवायला लागले, तिला तेव्हा साइट्स अँड मॉन्युमेंट्स रेकॉर्ड म्हणायचे, पुढे एकेका काउंटीने ते उचललं. १९९० मध्ये प्लॅनिंगचे नियम बदलले, बांधकामाला परवानगी देण्याआधी खाली काय आहे ते बघायचं आणि त्याचा खर्च साधारणपणे बिल्डरनेच करायचा असं ठरलं, मग खोदकामांचे रिपोर्ट इतके यायला लागले की ते ठेवायचे कुठे हाच प्रश्न झाला. यॉर्क विद्यापीठातली आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस १९९६ पासून असे डिजिटल रेकॉर्ड जपते आणि हजारो अप्रकाशित रिपोर्ट तिथे फुकट वाचता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे.

आज हेरिटेज गेटवे या वेबसाइटवर एकाच वेळी अनेक एचईआरमध्ये शोधता येतं. वेल्समध्ये त्यासाठी आर्कविलिओ ही वेबसाइट आहे, वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थच शोधणं, तपासणं. पण सगळ्यात सुंदर काम ब्रिस्टल शहराचं, नो युअर प्लेस नावाचा ऑनलाइन नकाशा, २०११ पासूनचा. जुने नकाशे आजच्या नकाशावर एकावर एक टाकून बघता येतात आणि तिथला रहिवासी स्वतःकडचा फोटो किंवा माहितीही टाकू शकतो.

आता अडचणीचा भाग. नेमकी जागा लोकांना सांगायची का? मेटल डिटेक्टर घेऊन रात्री चोरून शेतं खणणारे लोक तिथे आहेत, त्यांना नाइटहॉकर म्हणतात, आणि एक नाणं काढताना ते मातीचे थर उलटेपालटे करून टाकतात, ते परत जुळत नाहीत. म्हणून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये, म्हणजे सामान्य माणसांना सापडलेल्या वस्तूंच्या डेटाबेसमध्ये, ठिकाण लोकांना चार आकडी ग्रिड रेफरन्सपर्यंतच दिसतं, म्हणजे १ किलोमीटरचा चौकोन, आणि नाजूक जागांचं तेवढंही नाही. संशोधकाला परवानगी घेऊन पुढचं मिळतं. मला हे बरोबर वाटतं. सगळंच लपवलं तर गावकऱ्याला आपल्या शेतात काय आहे ते कळणार नाही आणि मग ते सांभाळायचं तरी कुणी?

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, नकाशावर ठिपका नाही म्हणजे तिथे काही नाही असं नसतं, कदाचित तिथे अजून कुणी बघितलेलंच नसतं. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात पिकं वाळली तेव्हा गाडलेल्या खंदकांवरचं पीक हिरवं राहिलं, बुजलेल्या भिंतींवरचं आधी पिवळं पडलं, आणि विमानातून अशा कितीतरी जागा पहिल्यांदा दिसल्या. २०१५ मध्ये इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने लायडारचा, म्हणजे विमानातून लेसर टाकून मोजलेल्या जमिनीच्या चढउतारांचा, डेटा खुला केला, त्यावरून हौशी माणसांनीसुद्धा रोमन रस्त्यांचे तुकडे शोधले.

एचईआर ठेवणं वेल्समध्ये २०१६ च्या कायद्याने बंधनकारक झालं, इंग्लंडमध्ये तशी तरतूद २०२३ च्या कायद्यात आली. आणि हो, बांधकामाच्या अर्जासाठी ऑनलाइन बघितलेलं सहसा पुरत नाही, तिथली माहिती थोडी मागे असू शकते, त्यामुळे एचईआर ऑफिसकडून रीतसर सर्च मागवावा लागतो आणि त्याची बहुतेक ठिकाणी फी असते.