खिडकीतली गळती आणि वीस मिनिटांचं कोडं

आमच्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली, वीतभर अंतरावर, भिंतीला ओल धरायची. आधी तळहाताएवढा डाग होता, मग ताटाएवढा झाला. रंगाचे पोपडे सुटले, खाली गिलाव्याला लोणा लागला, म्हणजे क्षार फुटून वर आले. तीन पावसाळे हा डाग मुक्कामाला होता आणि त्या तीन पावसाळ्यांत मी खिडकीभोवती तीनदा सिलिकॉन मारलं. दर वेळी आधीपेक्षा जास्त, आणि दर वेळी ‘आता बघू कसं येतं पाणी’ असं म्हणत.

चौथ्या खेपेला सिलिकॉनची गन ठेवून दिली आणि वही काढली. पाऊस कधी सुरू झाला, वारा कुठून होता, ओल कधी दिसली, एवढंच टिपायचं. पाचसहा नोंदींतच चित्र दिसायला लागलं. सरळ कोसळणारा पाऊस कितीही मोठा असो, डाग कोरडा. वाऱ्याबरोबर झड आली की डाग ओला. आणि तोही लगेच नाही. झड सुरू झाल्यावर साधारण वीस मिनिटांनी. हे दव असेल असाही एक संशय होता, तो इथेच मिटला. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमून ओल येते तेव्हा तिला पावसाशी देणंघेणं नसतं. ती थंड, निरभ्र सकाळीही येते. इथे झडीचा संबंध पक्का होता. पण वीसच मिनिटं का?

गळती शोधताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की पाणी वरून खाली येतं. येतं, पण तेवढंच करत नाही. छपराच्या कडेवरून पडणारी पागोळी जवळून पाहा. थेंब कडेला आला की लगेच सुटत नाही. तो कडेखाली वळतो, छपराच्या पोटाला चिकटून थोडा आत सरकतो आणि जड झाल्यावर पडतो. म्हणून जाणता गवंडी छज्ज्याच्या तळाला, कडेपासून थोडी आत, एक खाच ठेवतो. चिकटून सरकणाऱ्या थेंबाला ती ओलांडायची तर खाचेच्या भिंतीवरून वर चढावं लागतं. ते त्याला जमत नाही आणि तो तिथेच सुटतो. रंगकाम करताना कुणी ही खाच लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केली, की पाणी छज्ज्याच्या पोटावरून निवांत चालत भिंतीपर्यंत येतं. मी शिडी लावून पाहिलं. आमची खाच शाबूत होती. पहिला संशयित सुटला.

दुसरा संशय चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीवर. अ‍ॅल्युमिनियम तापमानाच्या दर अंशाला दहा लाखांत सुमारे 23 भाग वाढतं, काँक्रीट जेमतेम 10 ते 12. म्हणजे दीड मीटरची चौकट 30 अंशांच्या चढउतारात एक मिलिमीटरने लांब-आखूड होते आणि भिंत त्याच्या निम्म्याने. अर्ध्या मिलिमीटरची ही ओढाताण वर्षानुवर्षं चालते, आणि मधलं वाळून कडक झालेलं भरण एका बाजूने सुटतं. दिसायला केसाएवढी चीर. ‘एवढ्याशा चिरेतून काय येणार?’ असं आपल्याला वाटतं, आणि नेमकं तिथेच फसतो.

केशाकर्षणाचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या जेम्स जुरिनने 1718 साली दाखवून दिलं, की नळी जितकी बारीक तितकं पाणी तिच्यात उंच चढतं. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या फटीलाही तेच लागू. पाण्याने सहज भिजणाऱ्या पृष्ठभागांमध्ये एक मिलिमीटरची फट असेल तर पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढतं. फट त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी असेल तर पंधरा सेंटिमीटर! रुंद भेगेपेक्षा बारीक चीर पाण्याला जास्त वर ओढते.

मात्र यात एक मेख आहे. जी ओढ पाण्याला चिरेत घेते तीच त्याला तिथे धरूनही ठेवते. चिरेच्या दुसऱ्या तोंडातून थेंब आपला आपण टपकत नाही. त्याला बाहेर काढायला मागून रेटा लागतो, नाहीतर तोंडाशी गिलाव्यासारखा शोषून घेणारा पदार्थ लागतो. रेट्याचं काम वारा करतो. ताशी 54 किलोमीटरचा वारा भिंतीवर अडला की साधारण 135 पास्कल दाब देतो, म्हणजे पाण्याची पातळी 14 मिलिमीटर उचलण्याइतका. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. सरळ पाऊस आणि झड यांतला फरक हा असा दुहेरी असतो. वारा छज्ज्याखालून पाणी तावदानावर आणून आपटतो, आणि वर त्याला आत ढकलतोही.

एवढं कळूनही पाणी शिरतं कुठून, हे कळलं नव्हतंच. पाण्यात रंग मिसळून बघावं असा मोह झाला. हा मोह फार जुना आहे. डॅन्यूब नदीचं पाणी जर्मनीत एके ठिकाणी चुनखडकाच्या पात्रात गडप होतं. ते कुठे जातं, हे शोधायला 1877 मध्ये अडॉल्फ क्नोप यांनी तिथे 10 किलो युरेनीन हा रंग ओतला. सुमारे 60 तासांनी 12 किलोमीटरवरच्या आख झऱ्याचं पाणी लखलखीत हिरवं झालं. रंगाने पाण्याचा मुक्काम सांगितला आणि घड्याळाने प्रवासाचा वेळ. माझं पाणी फार तर हातभर प्रवास करत होतं, तेव्हा रंगाऐवजी बागेतली नळी पुरेशी होती. पण घड्याळाची गोष्ट डोक्यात राहिली.

नळीने तपासायचं तर एक पथ्य कडक पाळावं लागतं: सुरुवात तळापासून, आणि एका वेळी एकच सांधा. वरून पाणी सोडलं तर ते ओघळत खालचे सगळे सांधे भिजवतं, आणि मग ओल आली तरी ती कुणामुळे आली ते सांगता येत नाही. (मागच्या वर्षी मी हेच केलं होतं. सगळी खिडकी न्हाऊ घातली, ओल आली, आणि ज्ञानात भर शून्य.) अमेरिकी आर्किटेक्चरल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनच्या पद्धतीत फवाऱ्याचं तोंड एक फुटावर धरून पाच फूट लांबीच्या सांध्याला पाच मिनिटं देतात. घाई केली तर निरपराध ठरलेला सांधाच गुन्हेगार निघू शकतो.

मुलगी आत टॉर्च घेऊन बसली. मी बाहेर. खालचा सांधा, पाच मिनिटं. “कोरडं आहे, बाबा.” डावी बाजू, उजवी बाजू. “कोरडं.” तिसऱ्यांदा तिच्या आवाजात कंटाळा होता. वरचा सांधा सोडून मी आधी तावदानावर हलका फवारा धरला. काचेतून पाणी आत येत नाही, हे मलाही माहीत होतं. अठराव्या मिनिटाला आतून ओरड आली, “बाबा, आलं!”

सरकती झडप बाजूला करून पाहिलं, तर खालचा ट्रॅक काठोकाठ भरलेला. हा ट्रॅक दीड मीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद. तळापासून दोन सेंटिमीटरवर, डाव्या कोपऱ्यात, उभ्या आणि आडव्या पट्टीचा सांधा किंचित उघडा होता. दीडशे गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे नऊशे घनसेंटिमीटर, जवळजवळ लिटरभर. झडीत काचेवरून मिनिटाला तीन मोठे चमचे पाणी ओघळलं तरी वीस मिनिटांत ट्रॅक त्या सांध्यापर्यंत भरतो, आणि मग पाणी कोपऱ्यातून भिंतीच्या पोटात उतरतं. हिशेब ढोबळ आहे, पण वहीतली वीस मिनिटं ती हीच. ट्रॅकवर लेव्हल ठेवली तर बुडबुडा उजवीकडे सरकला. खिडकी डावीकडे जरा उतरती होती. डाग डावीकडेच का, तेही सुटलं.

आता प्रश्न उरला, की ट्रॅक भरतोच का? सरकत्या खिडकीत थोडं पाणी येणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. ते बाहेर जायला ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीत, अगदी तळाशी, छोटी आडवी भोकं असतात. या भोकांमागचा विचार मला फार आवडतो. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधले जी. के. गार्डन यांनी 1963 साली तो नीट मांडला. प्रत्येक फट बुजवायच्या मागे लागण्यापेक्षा बाहेरच्या थरामागे मोकळी जागा ठेवा, ती बाहेरच्या हवेला जोडा, म्हणजे दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि पाण्याला आत ढकलणारा रेटाच उरत नाही. तरी जे शिरेल त्याला बाहेरची वाट द्या. सोसाट्याच्या वाऱ्यात ट्रॅकमधलं पाणी बोटाच्या पेरभर चढतं, झोत ओसरला की भोकांतून निथळून जातं. आतली कड त्या चढापेक्षा उंच असली की झालं.

मी बाहेर जाऊन गुडघ्यावर बसलो आणि ती भोकं शोधली. सापडेनात. ट्रॅकच्या बाहेरच्या तळकडेवरून एक सलग, गुळगुळीत, पांढरी रेघ गेली होती. बोट पाण्यात बुडवून फिरवल्यावर येते तशी सफाईदार. ती माझ्याच बोटाची होती. डाग तळहाताएवढा होता तेव्हाचं मूळ कारण काय होतं, कोण जाणे; बहुधा भोकांत धूळ बसली असेल. ताटाएवढा मात्र मीच केला होता.

ब्लेडने पहिलं भोक उघडलं तशी करड्या गाळाची पिचकारी थेट शर्टवर आली. मग दुसरं, तिसरं. कोपऱ्यातला सांधा सुकवून आतून भरला. पुढच्या झडीला मुलीने आपणहून टॉर्च घेतला. तासभर बसलो, भिंत कोरडी.

तरी महिन्याभराने एका दमट सकाळी तिने हाक मारली, “बाबा, परत ओल!” पाऊस दोन दिवस नव्हता. हा गिलाव्याला लागलेल्या त्या लोण्याचा प्रताप होता. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यात राहतात, आणि त्यांतले काही दमट हवेतून स्वतःच पाणी ओढून घेतात. ते धुवायचे नसतात, नाहीतर विरघळून पुन्हा आत मुरतात. कोरड्या ब्रशने खरवडून, खाली फडकं धरून गोळा करायचे. सध्या दर रविवारी तेच चाललं आहे.