पोस्टरवरची वरची ओळ: उन्हाळी रॉक महोत्सवांआधीच्या तुलनेची पार्श्वभूमी

महोत्सवाचे पोस्टर आले की चाहत्यांचे डावे-उजवे सुरू होते. तीस वर्षे वाजवणारे दुपारी तीनला आणि परवा आलेले रात्री साडेनऊला, हे कसे? अमक्याचे नाव तमक्याच्या खाली का? इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या डाउनलोड महोत्सवाने २०२५ साठी ग्रीन डे, स्लीप टोकन आणि कॉर्न ही तीन नावे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापली तेव्हा हे पुन्हा झाले. ग्रीन डेबद्दल फारसे कुणी बोलले नाही. स्लीप टोकन या नव्या बँडची वेळ एवढ्यात आली का, यावरून मात्र जुन्या आणि नव्या चाहत्यांची चांगलीच जुंपली. वरवर हा वाद बँडचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एक शब्द असतो, हेडलाइनर, आणि या शब्दाचा प्रत्येकाच्या मनातला अर्थ वेगळा असतो.

साठच्या दशकात ब्रिटनमध्ये तुलनेची जागा म्हणजे संगीत साप्ताहिकांतला वाचकांचा कौल. कौलात वर आलेल्यांची एकत्र मैफल भरायची. १ मे १९६६ रोजी वेम्ब्लीतल्या अशाच मैफलीत बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स एकाच दिवशी वाजवून गेले. तिकीट लावून झालेला बीटल्सचा ब्रिटनमधला तो शेवटचा कार्यक्रम. १९७० मध्ये दुसऱ्या एका साप्ताहिकाच्या कौलात लेड झेपेलिनने बीटल्सना मागे टाकले, आणि त्या काळच्या चाहत्यांना हा मोठा धक्का होता. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस बाथच्या महोत्सवात लेड झेपेलिनने वाजवले होते. त्यांच्या व्यवस्थापकाने सूर्यास्ताची वेळ आधीच काढून ठेवली होती, आणि आधीचा बँड आवरते घेईना तेव्हा त्यांची उपकरणे हलवायला लावली, असे सांगतात. पाठीमागे सूर्य बुडतोय आणि बँड सुरू होतोय, हे त्याला हवे होते.

सूर्यास्ताची ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. इंग्लंडमध्ये जूनच्या मध्याला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा एक बँड सोडला तर बाकी सगळे लख्ख उजेडात वाजवतात. दिव्यांची रोषणाई, पडद्यावरची चित्रे, आगीचे लोळ, यांतले जवळजवळ काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. वेळही तोकडा असतो: दुपारच्या बँडला अर्धा तास, शेवटच्याला दीड-दोन तास. मग घरी परतताना लोक म्हणतात, शेवटचा बँडच खरा भारी. अंधारात दोन तास वाजवणाऱ्याची आणि उन्हात तीस मिनिटे वाजवणाऱ्याची तुलना करताना हा फरक हिशेबात धरायलाच हवा.

आता तो शब्द. हेडलाइनर म्हणजे सर्वांत शेवटी वाजवणारा, असे आज आपण धरून चालतो. मुळात तसे नव्हते. शब्द पोस्टरवरून आला: ज्याचे नाव वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत, तो हेडलाइनर. अमेरिकेतल्या व्हॉडव्हिल नाट्यगृहांत, जिथे एका खेळात गायक, नकलाकार, कसरतपटू असे सगळे एकामागून एक येत, तिथे मुख्य कलावंताची मानाची जागा शेवटून दुसरी असे. शेवटचा प्रवेश कसरतीचा किंवा जनावरांचा, कारण तोवर प्रेक्षक टोप्या-कोट उचलून निघायला लागलेले असत. म्हणजे नाव वर असणे आणि शेवटी येणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. रॉक महोत्सवांनी त्या एकत्र केल्या, पण पुरत्या कधीच नाही.

पहिल्या मोठ्या उन्हाळी महोत्सवांतच हे दिसते. जून १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माँटेरेच्या महोत्सवात द हू आणि द जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स या दोन बँडमध्ये आधी कोण, यावरून अडले. दुसऱ्याच्या मागून जायला कुणीच तयार नव्हते. शेवटी नाणे उडवले. द हू जिंकले आणि त्यांनी आधी जाणे पसंत केले, वाद्ये फोडली; मग हेंड्रिक्सने गिटार पेटवली. त्या रात्रीचा समारोप या दोघांपैकी कुणीही केला नाही, तो द मामाज अँड द पापाजने केला. आज माँटेरे म्हटले की आठवते ती पेटलेली गिटार. दोन वर्षांनी वुडस्टॉकला हेंड्रिक्सच्या बाजूने आग्रह होता की समारोप आपणच करायचा. कार्यक्रम लांबत लांबत सोमवार उजाडला, १८ ऑगस्ट १९६९. लाखोंपैकी बहुतेक लोक घरी निघून गेले होते. रॉकच्या इतिहासातला हा एवढा गाजलेला समारोप सकाळी, निम्म्याहून अधिक रिकाम्या मैदानात झाला.

तर हेडलाइनर कोण? ज्याचे नाव मोठे तो, जो शेवटी येतो तो, की ज्याच्यासाठी लोक तिकीट काढतात तो? एकाच दिवशी हे तिघे तीन वेगळे बँड असू शकतात. त्यात आता पोटप्रकार वाढले आहेत. दोन बँड बरोबरीचे असले की सहहेडलाइनर. मग अक्षरे सारखी आणि नावे वर्णानुक्रमे. शेवटून दुसऱ्याला कधी सब-हेडलाइनर, कधी खास पाहुणे. हा पाहुणा खरे तर पाहुणा नसतो, मोठ्या बँडला दुसरे म्हणायला अवघड जाते म्हणून काढलेला तो मार्ग आहे. शिवाय प्रत्येक स्टेजचा वेगळा हेडलाइनर. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात रविवारी दुपारी एखाद्या ज्येष्ठ कलावंताला ठेवतात, आणि ती गर्दी रात्रीच्या गर्दीला मागे टाकू शकते. ‘आमचा बँड ग्लास्टनबरीचा हेडलाइनर होता’ असे कुणी म्हणाले तर आधी विचारावे, कोणत्या स्टेजवर?

मानपानाचा हा तिढा नीट समजतो तो डाउनलोडच्या आधी डॉनिंग्टनलाच भरणाऱ्या मॉन्स्टर्स ऑफ रॉक महोत्सवात. सुरुवातीची बरीच वर्षे स्टेज एक, दिवस एक, पाच-सहा बँड. लपायला जागाच नाही. १६ ऑगस्ट १९८० ला पहिला महोत्सव झाला तो मुळात रेनबोच्या दौऱ्याची सांगता म्हणून, त्यामुळे वर कोण हा प्रश्नच नव्हता. खाली जूडास प्रीस्ट आणि स्कॉर्पियन्स होते. पुढच्या वर्षी एसी/डीसी. १९८४ ला आणि १९९१ ला पुन्हा तेच.

१९८५ चे पोस्टर मी कितीदा तरी पाहिले आहे. खालून वर असे वाचायचे: मॅग्नम, रॅट, मेटालिका, बॉन जोव्ही, मॅरिलियन, झीझी टॉप. आजच्या वाचकाला मॅरिलियन दुसऱ्या ओळीत पाहून नवल वाटेल, बॉन जोव्ही आणि मेटालिका त्यांच्या खाली? पण त्या जूनमध्येच मॅरिलियनचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, आणि महोत्सव ब्रिटनमधला होता. हेच सहा बँड त्याच महिन्यात अमेरिकेत एकत्र आणले असते तर क्रम नक्की बदलला असता. पोस्टर त्या देशाचे आणि त्या उन्हाळ्याचे असते. त्यावरून कायमची प्रतवारी लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

दोनच वर्षांत, १९८७ ला, बॉन जोव्ही सर्वांत वर होते. मधल्या काळात, १९८६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांचा तो प्रचंड खपलेला तिसरा अल्बम येऊन गेला होता. मेटालिका त्यांच्या दोन पायऱ्या खाली, मध्ये डिओ. १९९१ चे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. १२ ऑगस्टला मेटालिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे तो थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला. १७ ऑगस्टला डॉनिंग्टनला ते एसी/डीसीच्या आधी, उजेडात वाजवत होते. त्या आठवड्यात जगात त्यांच्याहून चर्चेतला मेटल बँड नसावा, तरी पोस्टरवर दुसरे. कारण साधे आहे. बुकिंग कित्येक महिने आधी होते. अल्बम कसा चालेल हे तेव्हा कुणालाच माहीत नसते, आणि एसी/डीसी मैदान भरतात हे दोनदा सिद्ध झाले होते. मेटालिका तिथे सर्वांत वर गेले ते १९९५ ला, पहिल्या खेपेनंतर दहा वर्षांनी.

१९८८ बद्दल लिहिताना हात जड होतो. गन्स अँड रोझेस खालून दुसरे होते, हेलोवीनच्या नंतर, मेगाडेथच्या आधी. सर्वांत वर आयर्न मेडन. ठरले तेव्हा ती जागा योग्यच होती. पण उन्हाळ्यात गन्स अँड रोझेसचा पहिलाच अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि २० ऑगस्टला दुपारी त्यांच्यासाठी लोक पुढे लोटले. मैदानात एक लाखाहून अधिक माणसे होती, चिखल होता. त्या रेट्यात दोन तरुण चाहते गेले. पुढच्या वर्षी महोत्सव झालाच नाही. १९९० मध्ये परतला तो प्रेक्षकसंख्येला मर्यादा घालून. पोस्टरवरची जागा आणि प्रत्यक्ष ओढ यांत अंतर पडले तर किती गंभीर होऊ शकते, हे तेव्हापासून आयोजक जाणून आहेत.

अमेरिकेत १९९२ च्या लोलापलूझा या फिरत्या महोत्सवात असेच अंतर पडले, सुदैवाने तसे काही घडले नाही. पर्ल जॅम दिवसातले दुसरे, भर दुपारचे. करार झाले तेव्हा ते नवखे होते, दौरा सुरू होईपर्यंत घराघरांत पोहोचले होते. वर रेड हॉट चिली पेपर्स. लोक लवकर यायला लागले, एवढाच बदल.

ब्रिटनमध्ये १९९५ च्या ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओएसिस यांची एकेरी गाणी एकाच दिवशी, १४ तारखेला, विक्रीला आली. ब्लरच्या २,७४,००० प्रती गेल्या, ओएसिसच्या २,१६,०००. या आकड्यांवर आजही हमरीतुमरी होते, जरी ऑक्टोबरात आलेल्या ओएसिसच्या अल्बमने विक्रीचा प्रश्न निकालात काढला. त्या आठवड्याने मात्र एक सवय लावली: तुलना म्हणजे दोघांतली लढत, आणि लढतीचा निकाल आकड्यांत. आजचे ऐकणाऱ्यांचे आकडे तोंडावर फेकणारे चाहते त्याच वाटेवरचे.

मेटलमध्ये तुलनेचे दुसरे रूप चालते, चौकडीचे. मेटालिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे थ्रॅश या वेगवान मेटलप्रकाराचे ‘बिग फोर’. हे चौघे एकाच कार्यक्रमात पहिल्यांदा आले ते थेट १६ जून २०१० ला, वॉर्साच्या सोनिस्फिअर महोत्सवात. त्याच महिन्यातल्या सोफियाच्या कार्यक्रमाचे प्रक्षेपण चित्रपटगृहांत झाले. क्रम ठरलेला: आधी अँथ्रॅक्स, शेवटी मेटालिका. त्यावर तक्रार करणारे थोडे. तक्रार होती ती चौकडीत एक्सोडस हा बँड का नाही याची, आणि ती मला रास्त वाटते. खपाने मोजले तर एक्सोडस बसत नाहीत. थ्रॅश कुणी घडवला असे विचारले तर त्यांच्यावाचून पान हलत नाही.

पोस्टरची ओळ प्रत्यक्षात कशी ठरते, याकडे चाहत्यांचे लक्ष कमी असते. कोणता बँड त्या उन्हाळ्यात दौऱ्यावर आहे, वाटेत आहे का, मानधन किती, आधीच्या दोन-तीन वर्षांत तो येऊन गेला का, हे आधी पाहतात. करारात बहुधा अट असते की महोत्सवाच्या आधी-नंतर काही काळ आणि काही अंतराच्या आत दुसरीकडे वाजवायचे नाही. त्यामुळे एखादे नाव पोस्टरवर नसते, तेव्हा ते कमी पडले म्हणून नसते; दुसऱ्या कुणी आधीच बांधून घेतलेले असते. २००३ मध्ये डॉनिंग्टनला पहिला डाउनलोड झाला तेव्हा मेटालिका पोस्टरवर नसताना दुपारी छोट्या स्टेजवर अचानक येऊन वाजवून गेले. त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, रीडिंग आणि लीड्सच्या महोत्सवांत ते सर्वांत वर होते. २०२३ मध्ये याच मैदानाने त्यांना एकाच महोत्सवात दोन रात्री दिल्या, आणि दोन्ही रात्री एकही गाणे पुन्हा वाजले नाही.

म्हणूनच स्लीप टोकनवरचा राग मला समजतो, पण पटत नाही. बँड २०१६ चा, मुखवटे घालणारा. मेटल म्हणावे की नाही यावरही एकमत नाही. पोस्टर आले तेव्हा त्यांचा चौथा अल्बम अजून यायचा होता. मे २०२५ मध्ये तो आला आणि अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. यावेळी आयोजकांचा अंदाज १९९१ सारखा मागे राहिला नाही, पुढे धावला. ‘अजून वेळ आली नव्हती’ म्हणणाऱ्यांनी १९८७ चे बॉन जोव्ही आठवावेत: पहिला अल्बम १९८४ चा, आणि तीन वर्षांत डॉनिंग्टनच्या माथ्यावर.

त्याच पोस्टरवरच्या तिसऱ्या नावाबद्दल मात्र फार कमी बोलले गेले, याची मला खंत आहे. कॉर्न १९९६ मध्ये, मॉन्स्टर्स ऑफ रॉकच्या डॉनिंग्टनमधल्या शेवटच्या वर्षी, तिथे दुसऱ्या स्टेजवर होते. नंतर डाउनलोडला ते पुन्हा पुन्हा आले. २००६ मध्ये गायक आजारी पडला तेव्हा इतर बँडच्या गायकांनी एकेक गाणे वाटून घेऊन त्यांचा कार्यक्रम पार पाडला. २००९ मध्ये ते फेथ नो मोरच्या आधी, उजेडात. जून २०२५ मधल्या त्या रविवारी, २९ वर्षांनी, त्याच मैदानात सूर्य मावळल्यावरची वेळ त्यांची होती.