पागोळ्या ऐकू येईपर्यंत

शाळकरी मुलांसाठी भातलावणीवर सहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. चित्रण झालं आणि आवाजाचं काम माझ्याकडे आलं. साउंड डिझाइन शिकायला मी नुकतीच सुरुवात केली होती. पडद्यावर पाऊस कोसळतोय, तर खाली पावसाचा आवाज टाकायचा, यात अवघड ते काय, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. सिंधुदुर्गात मावशीच्या घरी जुलैत पावसाला तोटा नाही. पडवीत बसून फोनवर दहा मिनिटं रेकॉर्डिंग केलं, परत आल्यावर हेडफोन लावला, आणि त्यात पाऊसच नव्हता. मावशीचं बोलणं स्वच्छ, कोंबड्याचं आरवणं स्वच्छ. पाऊस मात्र कुणी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा तसा गेलेला.

चूक फोनची नव्हती. आवाज रेकॉर्ड करणारी बरीच ॲप्स माणसाचं बोलणं टिपण्यासाठी बनवलेली असतात. एकसारखा, न बदलणारा आवाज आला की तो गोंगाट समजून ती दाबून टाकतात. पंख्याची घरघर जावी म्हणून केलेली ती सोय आहे, आणि गणिताच्या नजरेनं पंखा आणि पाऊस यांत फार फरक नाही.

पुढच्या खेपेला एका मित्राचा रेकॉर्डर मागून नेला. सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाची नोंद घ्यायची, असं त्यावर ठरवून दिलं. चित्रासोबत जाणाऱ्या आवाजासाठी हा आकडा सगळीकडे वापरतात. नोंदींच्या निम्म्या संख्येपर्यंतची कंपनं बरोबर टिपली जातात, म्हणजे इथे सेकंदाला २४,००० पर्यंतची. तरुण, निरोगी कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो, त्यामुळे कानाच्या वाट्याचं काही सुटत नाही. या वेळी पाऊस पुरेपूर आला. चित्र न दाखवता तो आवाज मी बहिणीला ऐकवला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "भजी तळतायत."

तिचा कान चुकला नव्हता. मुसळधार पाऊस म्हणजे एका क्षणात हजारो थेंबांचे हजारो बारीक ठोके. कढईत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि तेलात असंख्य बुडबुडे फुटतात. तिथेही हजारो बारीक ठोकेच. एकेक ठोका वेगळा काढणं कानाला शक्य नसतं. मग मेंदू काय करतो? जॉश मॅकडरमॉट आणि एरो सिमोंचेली या दोन शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याचं फार सुंदर उत्तर दिलं. त्यांनी पाऊस, ओढा, कीटकांची किरकिर अशा आवाजांच्या रेकॉर्डिंगमधून फक्त सरासऱ्या काढल्या: कोणत्या पट्टीत, म्हणजे उंच-खालच्या सुरांच्या कोणत्या टप्प्यात, किती जोर आहे, तो किती चढतो-उतरतो, कोणत्या पट्ट्या एकदम हलतात. मग निव्वळ खरखर घेऊन ती या सरासऱ्यांत बसेल अशी घडवली. मूळचा एकही थेंब त्यात नव्हता, तरी ऐकणाऱ्यांनी पाऊस बरोबर ओळखला. म्हणजे अशा आवाजांत मेंदू थेंब मोजत बसत नाही, तो आवाजाचा पोत लक्षात ठेवतो. लुगड्याचा पोत हाताला कळतो, त्यासाठी धागे मोजावे लागत नाहीत, तसंच हे.

आता पावसाचा आणि तळणीचा पोत शेजारचा असेल, तर दोघांना वेगळं करणार काय? जवळ पडणारे मोजके, सुटे थेंब. ही गोष्ट मला पडवीत बसूनच समजली. दूरचा पाऊस शेतावर, माडांवर, डोंगरावर पडत असतो. त्याचा मिळून एक झोत होतो. पण कौलांच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळ्या अंगणातल्या चिऱ्यावर एकेक करून आपटतात. अळवाच्या पानावर थेंब पडला की टप्प असा पोकळ आवाज येतो. पत्र्यावर त्याच थेंबाचा ताशा होतो, कारण पत्रा स्वतः थरथरतो. ओल्या मातीत तो जवळजवळ मुका. पडता पडता थेंबाचा आवाज होत नाही. त्याला आवाज देतं ते खालचं अंगण. म्हणून पाऊस रेकॉर्ड करायला जाणाऱ्यानं आधी आभाळाकडे न बघता कौलाखाली काय काय आहे ते बघावं.

मी माइक रोवून बसले होते, तेवढ्यात मावशी आली आणि म्हणाली, "पाणी फुकट जाता मा गो, कळशी लाव थंय." पागोळीखाली तांब्याची कळशी आली. आधी रिकाम्या तळावर टण्ण टण्ण, तळ बुडाल्यावर तो ओळखीचा गोल, ओला, डुबुक आवाज. हा आवाज थेंब पाण्यावर आपटल्याचा नसतो. आपटणं जवळजवळ नि:शब्द असतं. थेंबानं पाण्यात खळगा पडतो, खळगा मिटताना त्याच्या तळाशी हवेचा एक छोटा बुडबुडा अडकतो, आणि तो आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखा घुमतो. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये बुडबुड्याचा आकार आणि सूर यांचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला साधारण ३,३०० कंपनं करतो. बुडबुडा मोठा, तर सूर खाली. पण पाण्यातल्या बुडबुड्याचा आवाज बाहेर हवेत इतका स्पष्ट कसा येतो? हे उरलेलं कोडं केंब्रिज विद्यापीठात २०१८ मध्ये सुटलं. तिथल्या अनुराग अगरवाल यांना मित्राच्या गळक्या छपराखाली हा प्रश्न पडला होता. वेगवान कॅमेरा, हवेतला माइक आणि पाण्यातला माइक एकदम लावून त्यांच्या गटानं दाखवलं, की बुडबुडा खळग्याच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या पृष्ठभागाला हलवतो आणि तो पृष्ठभाग हवेला. पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण टाकला की डुबुक बंद. घरी नळाखाली भरलेली बादली ठेवून, नळ थेंबथेंब सोडून हे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

या कळशीनं मला पुढे चांगलंच अडवलं. माहितीपटात पाऊस चार मिनिटं हवा होता, म्हणून रेकॉर्डिंगमधला एक मिनिटाचा उत्तम तुकडा निवडून मी तो जोडत गेले. प्रत्येक मिनिटाला काहीतरी खटकायचं. जोड नीट घासला, दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवली, तरी तेच. शेवटी कळलं, की कळशी भरत होती. पाणी वर येतं तशी आतली हवेची पोकळी लहान होते आणि तिचा सूर चढत जातो. पिण्याचा तांब्या भरत आला हे आपण न बघता ओळखतो ते यामुळेच. माझ्या तुकड्यात मिनिटभर सूर चढत होता आणि जोडापाशी धाडकन खाली येत होता. ऐकणाऱ्याला कारण सांगता आलं नसतं, पण कुठेतरी काहीतरी खोटं आहे हे त्याला कळलं असतं. पुनरावृत्ती पकडण्यात कान असा तरबेज असतो. गटमन आणि युलेश या संशोधकांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं, की निव्वळ खरखरीचा एखाद्या सेकंदाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, तरी माणसं त्यातली लय ओळखतात.

मग मी पाऊस तीन ट्रॅकवर वेगळा केला. पहिल्यावर दूरचा झोत: याला एक मिनिटाचा तुकडा चालतो, कारण त्यात ओळखण्याजोगं काही नाही. दुसऱ्यावर अळवाची पानं आणि पत्रा. तिसऱ्यावर पागोळ्या आणि कळशी, चारही मिनिटं सलग, न जोडता. माइक आणि पागोळी यांतलं अंतर निम्मं केलं की तिचा आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. दूरच्या पावसाला मात्र हातभर अंतरानं काही फरक पडत नाही. त्यामुळे फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीला, हात लावण्याआधीच अर्धं मिक्सिंग माइक कुठे ठेवला यावर ठरून जातं. रेकॉर्डिंगची पातळी ठरवतानाही पाऊस फसवतो. सरासरी आवाज लहान दिसतो, म्हणून शिकाऊ माणूस ती वाढवत नेतो, आणि कळशीतला एखादा थेंब वरची मर्यादा ओलांडून फाटतो. फाटलेला आवाज मागाहून पहिल्यासारखा होत नाही. सर्वांत मोठा थेंब त्या मर्यादेच्या साधारण १२ डेसिबल खाली राहील इतकी जागा मी आता आधीच सोडते.

विजेच्या बाबतीत चित्रच चुकीचं सुचवतं. संकलनात लखलखाट आणि गडगडाट एकाच जागी ठेवायचा मोह होतो. ध्वनीला एक किलोमीटर यायला जवळपास ३ सेकंद लागतात. एकदम आवाज आला तर वीज दारात पडली असं वाटतं आणि मुलं दचकतात. लांबच्या गडगडाटातला कडकडाटही काढावा लागतो, कारण वाटेत हवा उंच सूर अधिक शोषून घेते आणि आपल्यापर्यंत गुरगुर तेवढी पोचते.

सगळं जमल्यावर निवेदन वर ठेवलं आणि शब्द बुडाले. "शेत" ऐकू येत होतं की "खेत", सांगता येईना. श, स, त, थ ही व्यंजनं ज्या उंच पट्टीत असतात तिथेच पाऊसही पसरलेला असतो, आणि जोरकस आवाज शेजारच्या हलक्या आवाजाला झाकतो. सगळा पाऊस कमी करणं हा सोपा पण वाईट उपाय. त्यानं शेत कोरडं पडतं. मी फक्त दूरच्या झोतातली २,००० ते ५,००० कंपनांची पट्टी थोडी खाली घेतली, तीही बोलणं चालू असेल तेवढ्यापुरती. पागोळ्यांना हात लावला नाही. दोन थेंबांच्या मध्ये शब्दाला जागा असते.

शेवटच्या दृश्यात पाऊस उघडतो. आधी मी तिन्ही ट्रॅक एकत्र उतरवले होते, आणि पाऊस थांबल्यासारखा न वाटता कुणी खिडकी लावल्यासारखं वाटत होतं. पुन्हा पडवीत जाऊन, घड्याळ हातात धरून, उघडता पाऊस ऐकला. आधी डोंगराकडचा झोत जातो. मग पत्रा गप्प होतो. अळवाची पानं वाऱ्यानं हलून उरलंसुरलं पाणी टाकतात. पागोळ्या कितीतरी वेळ चालूच राहतात, फक्त दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं: एक सेकंद, दोन, चार. माहितीपटात पडदा काळा झाल्यावरही मी एक थेंब ठेवला आहे, भरलेल्या कळशीतला.