टोळीच्या खेळात खंडणीला काय म्हणायचं?

कोल्हापुरात सध्या टोळ्यांवरचा एक मराठी भूमिकाखेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र वठवायचा खेळ, आकार घेतोय. चार-पाच खेळाडू मिळून एक टोळी, समोर गोष्ट चालवणारा एक सूत्रधार, मध्ये फासे आणि पेठांपासून इचलकरंजीच्या यंत्रमागांपर्यंतचा हाताने काढलेला नकाशा. नियमांचा चौथा मसुदा हातोहात फिरतोय. त्यातला एक शब्द, टोळीच्या कमाईला काय म्हणायचं तो, मात्र अजून ठरलेला नाही. तो का अडला हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

छापील भूमिकाखेळ १९७४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ही तलवारी-राक्षसांची ती गोष्ट. गुंडांवरचे खेळ त्याच दशकाच्या अखेरीस आले आणि १९८२ मध्ये त्यांतला जास्त गाजलेला निघाला. त्याची पार्श्वभूमी १९२० ते १९३३ ची अमेरिकी दारूबंदी. त्यात बातमीदारही होता येई, पोलिसही आणि खासगी गुप्तहेरही. गुन्हा म्हणजे पाठलाग, गोळीबार, बँकेवरचा दरोडा. टोळीचं महिन्याचं पोट कशावर चालतं, हा प्रश्न त्या खेळांच्या केंद्रात नव्हता.

तो आला पुढच्या पिढीत. २००९ च्या एका खेळात सूत्रधारच काढून टाकला. काळे-पांढरे फासे आणि फसत जाणारा बेत एवढंच ठेवलं. २०१० मध्ये दोन फाशांचा हिशेब रूढ झाला: बेरीज दहा किंवा वर तर पूर्ण यश, सात ते नऊ म्हणजे यश आहे पण किंमत मोजा. आणि २०१७ च्या खेळाने टोळीलाच स्वतःचा कागद दिला. माणसाची जशी नोंद, तशी टोळीची: इलाका, पत, शत्रू. प्रत्येक कामगिरीनंतर पोलिसांचं लक्ष किती वाढलं ते नऊ चौकटींत भरायचं. चौकटी भरल्या की टोळीवरचा पोलिसी दबाव एक पायरी वर. तो उतरवायचा तर टोळीतल्या कुणीतरी तुरुंगात जाऊन यायचं. माझ्या मते या प्रकारच्या खेळांचा खरा इतिहास इथूनच सुरू होतो, आधीचं नोंदीपुरतं.

कोल्हापूरच्या मसुद्याने या नऊ चौकटींना ‘बोभाटा’ नाव दिलं. इंग्रजी ‘हीट’चं इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं. पण पुढची पायरी परदेशी ठेवली नाही, महाराष्ट्राच्या कायद्यातून घेतली. १९५१ च्या पोलीस कायद्यातली तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची. खेळात तडीपार झालेला गडी टेबल सोडत नाही, चाळीसेक किलोमीटरवरच्या निपाणीत बसून निरोप धाडतो. १९९९ च्या ‘मोक्का’त, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं असणं ही अट आहे, म्हणून टोळीच्या कागदावर आरोपपत्रांचा वेगळा रकाना आला. शिकागोच्या चोरट्या दारूची जागा घाटातून चढणाऱ्या गोवा बनावटीच्या दारूने घेतली. ती फार ओढूनताणून बसवावी लागली नाही, कारण १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि कागदोपत्री प्यायलाही परवाना लागतो. मटक्यासाठी दहा बाजूंचे तीन फासे: बेरजेचा शेवटचा आकडा तोच निकाल. साठच्या दशकात, ज्यांवर आकडा लावला जाई ते न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव बंद झाल्यावर मुंबईने पत्त्यांवर हाच हिशेब चालवला होता.

टोळीच्या बैठकीच्या जागेला ‘तालीम’ म्हणावं ही सूचना पहिल्याच बैठकीत बाद झाली. बरंच झालं. ज्या शहरात तालमीच्या नावाने फुटबॉल संघ उतरतात, गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही, तिथे तो शब्द गुंडांच्या अड्ड्याला चिकटवणं अडाणीपणाचं ठरलं असतं.

अडला तो उत्पन्नाचा रकाना. इंग्रजी खेळात तिथे नुसती नाणी असतात. मराठीत नुसतं ‘पैसे’ लिहून भागत नाही. कोण, कुणाला, कोणत्या नावाखाली देतोय हे शब्दातच सांगावं लागतं.

पहिला शब्द अर्थातच ‘खंडणी’. त्याला हरकत इतिहासवाल्यांची. खंडणी म्हणजे मांडलिकाने किंवा वेढा पडलेल्या शहराने ठरवून भरलेली रक्कम, राजसत्तेच्या व्यवहारातला शब्द. १७१९ च्या सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली, म्हणजे वसुलाचा चौथा आणि दहावा हिस्सा. त्याच्याच शेजारी बसणारा हा शब्द. गावाकडे आजही ‘रान खंडानं दिलंय’ म्हणतात, तिथे खंड म्हणजे ठरलेली रक्कम, दमदाटी नव्हे. वृत्तपत्रांनी मात्र गेल्या काही दशकांत त्याला पिस्तूल आणि फोनचा वास लावला. गंमत अशी की कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला खंडणी म्हणतच नाहीत, ‘बलाद्ग्रहण’ म्हणतात. ‘मी बलाद्ग्रहण करतो’ म्हणून फासे टाकणारा कोल्हापूरकर अजून जन्माला यायचाय.

दुसरा ‘हप्ता’. मुळात फारसी, आठवडा. खेळातली एक फेरीही आठवड्याची, त्यामुळे नियमाला तो आयता बसतो. शिवाय खंडणी एकदाच, मोठी आणि बोभाटा करणारी. हप्ता बारीक, नेमाने येणारा. हा फरक फाशांवर दाखवता येतो. अडचण एवढीच की हप्ता खालून टोळीकडे येतो तसा टोळीकडून वरही जातो, आणि दोन्हीला एकच शब्द. माझा कौल यालाच. ही अडचण नव्हे, हीच खरी माहिती आहे.

तिसरा शब्द कुणी मोठ्याने सुचवला नाही, मसुद्याच्या समासात पेन्सिलीने लिहिला: ‘वर्गणी’. त्यावर दोन रविवार गेले. एक बाजू म्हणे, दुकानदाराला नाही म्हणता येत नसेल तर पावतीवरचं नाव काहीही असो. दुसरी म्हणे, पेठेतल्या मंडळांनी पुरात माणसं बाहेर काढली त्याच पैशावर, त्यांना या कागदावर आणू नका. दोघांचंही खरं होतं, म्हणून चहा वाढत गेला.

चौथ्या मसुद्यात तो रकाना कोरा छापलाय. प्रत्येक टोळीने आपला शब्द आपण लिहायचा. मागच्या डावात एका टोळीने ‘देणगी’ लिहिलं आणि सूत्रधाराकडे पावतीपुस्तक मागितलं.