मुंबईच्या जीएलसीत कायद्याला प्रवेश घ्यायचाय? मग सीईटीच्या आधी दाखल्यांकडे बघा

दर वर्षी कायद्याच्या सीईटीचा, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "दादा, पर्सेंटाइल चांगले आलेय. आता जीएलसीचे पत्र कधी येईल?" मी एकच प्रश्न विचारतो, "कॅपचा फॉर्म भरलास का?" पलीकडे शांतता. मग हळूच, "तो वेगळा असतो का?"

वेगळाच असतो. सीईटी देणे ही एक गोष्ट, प्रवेशासाठी अर्ज करणे ही दुसरी. परीक्षेला बसण्यासाठी एकदा नोंदणी करायची आणि निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, पुन्हा नवा अर्ज, नवे शुल्क आणि सगळे दाखले अपलोड. हे न कळल्यामुळे चांगले गुण असूनही घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत.

हा लेख मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाबद्दल, म्हणजे चर्चगेटला ए रोडवर असलेल्या जीएलसीबद्दल आहे. पण राज्यातल्या बाकीच्या विधी महाविद्यालयांची वाटही याच दारातून जाते, त्यामुळे पुण्या-नागपूरच्या मुलांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

थोडे जुने

हे कॉलेज १८५५ चे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि उच्च न्यायालय १८६२ चे. ज्या विद्यापीठाला ते आज संलग्न आहे आणि ज्या न्यायालयासाठी ते वकील घडवते, त्या दोघांपेक्षाही ते जुने आहे. आशियातले सर्वांत जुने विधी महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते.

सुरुवात झाली ती सर अर्स्किन पेरी यांच्या नावाने. पेरी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. ते विलायतेला परतले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ निधी जमवून न्यायशास्त्राचे 'पेरी प्राध्यापक' हे पद निर्माण झाले आणि त्यातून कायद्याचे वर्ग उभे राहिले. गंमत अशी की हेच पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच व्हावे या मताचे होते. मंडळात त्यांच्यासमोर मराठीसारख्या देशी भाषांची बाजू धरून बसले होते नाना शंकरशेट. तेव्हा पेरींची सरशी झाली. आज कायद्याच्या सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत येते. नानांना तेवढे तरी समाधान.

न्या. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये इथून एलएल.बी. झाले, लोकमान्य टिळक १८७९ मध्ये. पुढे १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य झाले, पेरी प्राध्यापकाची खुर्चीही त्यांच्याकडेच होती आणि १९३८ पर्यंत त्यांनी हे काम पाहिले. घटनातज्ज्ञ नानी पालखीवालाही इथलेच विद्यार्थी. एवढा इतिहास पुरे, कारण अर्जात तो कुठे विचारत नाहीत.

कोणते अभ्यासक्रम, आणि पात्र कोण

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन मुख्य अभ्यासक्रम. पाच वर्षांच्या पदवीला मुंबई विद्यापीठात 'बीएलएस एलएल.बी.' म्हणतात. बाकी महाराष्ट्रात तिलाच बीए एलएल.बी. म्हणतात, त्यामुळे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना गोंधळू नका. वकिलीसाठी दोन्हींची किंमत एकच. जीएलसीत वर्ग सकाळी लवकर भरतात. विद्यार्थी दहा-अकरानंतर फोर्टमधल्या वकिलांच्या कचेऱ्यांत आणि हायकोर्टात जाऊन बसतात. खरे सांगायचे तर या कॉलेजचे निम्मे शिक्षण तिथेच होते.

एक गैरसमज इथेच मिटवू. क्लॅट ही परीक्षा राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी असते, मुंबईचे एमएनएलयू, म्हणजे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही, त्यातच येते. जीएलसीला क्लॅट चालत नाही. इथे राज्य सीईटी कक्षाची विधी सीईटीच लागते. पाच वर्षांची आणि तीन वर्षांची सीईटी वेगवेगळी आहे.

गुणांची अट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या, नियमांतून येते. पाच वर्षांसाठी बारावीला आणि तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के, ओबीसी आणि तत्सम मागास प्रवर्गांना ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. ४४.९ म्हणजे ४५च की, असे स्वतःच्या मनाने धरून चालू नका. वयाची वरची मर्यादा नाही. निवृत्तीनंतर काळा कोट घालायची हौस असलेल्या काकांनाही सीईटी देता येते.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांचा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर असे: दहावी आणि बारावी रीतसर पास होऊन मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. पण बारावी न करता पूर्वतयारी शिक्षणक्रम करून थेट पदवीला बसला असाल, तर बार कौन्सिलच्या नियमानुसार एलएल.बी.ला पात्र ठरत नाही. सीईटीचा अर्ज मात्र तुम्हाला अडवत नाही, पैसे भरून घेतो, परीक्षाही देऊ देतो. दगा बसतो तो पुढे कागद तपासताना. म्हणून आधी स्वतःची दहावी-बारावी-पदवी ही साखळी तपासा.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना तीन वर्षांची सीईटी देता येते. पण प्रवेशाच्या वेळी शेवटच्या सत्राचा निकाल हातात हवा.

परीक्षा

यात सांगण्यासारखे फारसे नाही. संगणकावर, बहुपर्यायी, अलीकडच्या पद्धतीत १२० प्रश्न आणि दोन तास. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी हे विषय असतात. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडे गणितही येते. नोंदणी साधारण हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते. प्रत्येक वर्षाची तारीख आणि माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येते. ती पुस्तिका लांबलचक असते, पण तीच एकदा नीट वाचा. ग्रुपवर फिरणारे स्क्रीनशॉट बहुतेक वेळा मागच्या वर्षीचे असतात.

अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच टाका. आधारवर वेगळे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, लग्नानंतर तिसरेच, असे असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा.

आता कागद

माझी भाची ओबीसीतून अर्ज करणार होती. जात प्रमाणपत्र होते, जात वैधताही बारावीतच झालेली. घरात सगळे निर्धास्त. मी नॉन-क्रीमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, मागितले. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिने काढून दिले, आणि खाली बारीक अक्षरात वैधतेची तारीख होती ३१ मार्च, त्याच वर्षीची. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीच संपलेले. जूनमध्ये दाखल्यांसाठी अख्खा तालुका लोटलेला. पोचपावती लावून अर्ज भरला, पण मूळ दाखला मुदतीच्या चार दिवसांनंतर हातात आला. तोवर तिचे नाव खुल्या प्रवर्गाच्या यादीत गेले होते.

म्हणून नॉन-क्रीमिलेअर काढताना बघायचे ते वैधतेकडे. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या अखेरच्या, म्हणजे पुढच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध हवा. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) या सगळ्यांना तो लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला राज्याच्या नमुन्यातला हवा आणि तोही चालू वर्षाचा. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला इथे कामाचा नाही. सेतू केंद्रात अर्ज करतानाच 'राज्यासाठी, शिक्षणासाठी' असे स्पष्ट सांगा.

जात वैधता प्रमाणपत्र हे त्याहून वेळखाऊ. जिल्हा जात पडताळणी समितीला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. आजोबांच्या किंवा पणजोबांच्या प्राथमिक शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा हा सर्वांत बळकट. तो नसेल तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. हे काम एका दुपारचे नव्हे. गावी जा, शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, जीर्ण रजिस्टरची पाने जपून उलटा. सुट्टीत गावी जाणार असाल तर तेव्हाच उरकून घ्या.

बाकीचे सोपे. दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका (फक्त शेवटची चालत नाही), शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, सीईटीचे गुणपत्रक, फोटो, सही. राष्ट्रीयत्वाचा वेगळा दाखला बहुतेकांना लागत नाही. सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिलेले असले की भागते. रकाना रिकामा असेल तर शाळेत जाऊन भरून आणा. शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या बोर्डाचे किंवा विद्यापीठाचे असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, जे कॉलेज प्रवेशानंतर मागते.

महाराष्ट्राबाहेर शिकलेल्या मराठी मुलांनी आपला उमेदवारीचा प्रकार नीट निवडावा. शिक्षण बाहेर झाले, पण स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एकजण महाराष्ट्राचा अधिवासी असेल, तर राज्याच्या उमेदवारीत बसता येते. आई किंवा वडील केंद्राच्या नोकरीत असून महाराष्ट्रात नेमणुकीवर असतील तर त्यासाठी वेगळा प्रकार आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या, म्हणजे वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र प्रकार आहे. त्याला गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले विहित नमुन्यात लागतात. बेळगावची कित्येक मुले हे माहीत नसल्याने 'महाराष्ट्राबाहेरचे' म्हणून अर्ज करतात आणि मोजक्या जागांच्या रांगेत उभी राहतात. गोव्याच्या मुलांना मात्र, आई-वडिलांचा अधिवास इथला नसेल तर, त्याच रांगेत यावे लागते. पणजी-मडगावची विधी महाविद्यालये गोवा विद्यापीठाची, त्यांची प्रक्रिया वेगळी.

कॅपच्या फेऱ्या

अर्ज भरला, कागद चढवले की ऑनलाइन छाननी होते. काही कमी असेल तर अर्ज त्रुटीत निघतो आणि दुरुस्तीला ठरावीक दिवस मिळतात. रोज लॉगिन करून बघा, एसएमएसवर विसंबू नका. मग तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, मग अंतिम यादी. त्यानंतर ऑप्शन फॉर्म.

इथे लोक हुशारी करायला जातात. "जीएलसी मिळणार नाही, मग पहिल्या क्रमांकावर कशाला टाकू?" असे नको. जे खरोखर हवे तेच वर टाका, वर टाकल्याने खालच्याचा हक्क जात नाही. उलट नको असलेले कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकले आणि तेच मिळाले, तर बेटरमेंटची, म्हणजे पुढच्या फेरीत वरचे कॉलेज मिळवण्याची संधी संपते. पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. जीएलसीची यादी नेहमीच उंचावर बंद होते, त्यामुळे खाली चार-पाच कॉलेजे विचारपूर्वक ठेवा.

शासकीय असल्याने इथले शुल्क खासगी कॉलेजांच्या तुलनेत नगण्य आहे, आणि गर्दीचे एक कारण तेही आहे. तरीही मागास प्रवर्गांनी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करावाच. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो.

नोकरी करत तीन वर्षांचा एलएल.बी. करणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा नियम आहे. बार कौन्सिलने २०२४ मध्ये आणखी हमीपत्रे मागितली: गुन्हा नोंद आहे का, सोबत दुसरी नियमित पदवी चालू आहे का, नोकरी करता का. नोकरी असेल तर मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र. यात खोटे लिहाल तर अडकाल ते वकिलीची सनद घेताना, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या दारात. तिथे नोंदणीचे शुल्क मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, इतकेच राहिले आहे.

जागा मिळाली की ठरलेल्या तारखेच्या आत कॉलेजात मूळ कागद घेऊन हजर व्हायचे. शेवटच्या दिवशी जाऊ नका, झेरॉक्सच्या दुकानाबाहेरच तास जातो. कागदांचे तीन संच आधीच करा. सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेते, म्हणून त्याच्या चार-पाच रंगीत प्रती आणि एक स्कॅन फाइल घरी ठेवा. पासपोर्ट काढताना, वैधतेचा अर्ज करताना, पुढच्या पाच वर्षांत तो दाखला कुणी ना कुणी मागतेच.